फिरत्या दट्ट्याचीं एंजिनें

शिवणयंत्राची पायपट्टी ज्यानें कधीं चालविली असेल, त्याला एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. पट्टी खालींवर हलते आणि चाक मात्र वाटोळें फिरतें; परंतु चाकाशीं जोडलेला दांडा अगदीं वर किंवा अगदीं खालीं असतांना यंत्र थांबलें, तर पायानें कितीही जोर केला तरी चाक हलत नाहीं. हातानें चाकाला किंचित ढकलावें लागतें, आणि मग शिवण पुन्हां सुरू होते. मोटारीचें एंजिन याच तत्त्वावर चालतें. सिलिंडरांत दट्ट्या पुढें जातो, थांबतो, मागें येतो, पुन्हां थांबतो. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या एंजिनांत प्रत्येक दट्ट्याला मिनिटांत १२,००० वेळां थांबावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं थांबून उलट दिशेला निघावें लागतें. जोडदांडा, क्रँक, झडपा, झडपांच्या स्प्रिंगा, जड चक्र हा सगळा संसार त्या एका येरझारीपायीं मांडलेला असतो.

हें पाहिलें म्हणजे कोणाच्याही मनांत सहज विचार येतो कीं, अखेर हवें आहे तें चाकाचें फिरणें. तर मग दट्ट्याच वाटोळा कां फिरवूं नये? हा प्रश्न निदान चारशें वर्षांचा जुना आहे. त्याच्या नादीं लागून थोर थोर यंत्रज्ञांचीं वर्षेंच्या वर्षें खर्चीं पडलीं, एक नामांकित कारखाना आपलें स्वातंत्र्य गमावून बसला आणि दुसरा बुडतां बुडतां वांचला. हा विचार खोटा आहे असें मुळींच नाहीं. तथापि त्याची खरी कसोटी फिरण्यांत नसून दुसऱ्याच एका ठिकाणीं आहे, आणि तें ठिकाण ध्यानांत आल्यावांचून या निरनिराळ्या रचनांचे गुणदोष उमगत नाहींत.

प्रथम नांवाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. पहिल्या महायुद्धांतील विमानांना ‘रोटरी’ नांवाचीं एंजिनें असत. फ्रान्समधील सेगँ बंधूंचें १९०८ सालचें ‘नोम’ हें त्यांतलें नामांकित. त्यांत क्रँकचा दांडा विमानाला घट्ट बांधलेला असे, आणि सातही सिलिंडर पंख्यासह त्याच्याभोंवतीं गरगर फिरत. परंतु सिलिंडरांतील दट्टे पूर्वीप्रमाणेंच येरझारा घालीत. म्हणजे घर फिरलें तरी घरांतली रीत बदलली नव्हती. या एंजिनांना एरंडेल लागे, आणि तें जळक्या वायूबरोबर बाहेर उडून वैमानिकाच्या अंगावर येई, एवढी आठवण येथें पुरे. प्रस्तुत विषय आहे तो ज्यांत दट्ट्याच फिरतो अशा एंजिनांचा.

इटालियन यंत्रज्ञ आगोस्तिनो रामेल्ली याचा यंत्रांविषयींचा सचित्र ग्रंथ १५८८ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. वाटोळ्या डब्यांत एका बाजूला सरकवून बसविलेलें चाक आणि त्या चाकाच्या खांचांतून आंतबाहेर सरकणारीं पातीं, अशा रचनेचा पाण्याचा पंप त्यांत दाखविला आहे. पुढें जेम्स वॅट यानें १७६९ सालच्या आपल्या पेटंटांत वाफेनें फिरणाऱ्या चाकाची कल्पना घातली. त्याचाच सहकारी विल्यम मर्डॉक यानें १७९९ सालीं एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन दंतचक्रांच्या एंजिनाचें पेटंट घेतलें. एकोणिसाव्या शतकांत तर अशा पेटंटांचा पूर आला. अखेर जर्मन पंडित फ्रांट्स रूलो यानें १८७५ सालच्या आपल्या ग्रंथांत या सगळ्या यंत्रांची चिरफाड करून दाखवून दिलें कीं, अगदीं नवें म्हणून पुढें आलेलें बहुतेक यंत्र हें जुन्या क्रँकचेंच वेषांतर आहे, आणि तेंच तें यंत्र निरनिराळ्या लोकांनीं पुनःपुन्हां शोधून काढलें आहे. पेटंट देणाऱ्या कचेऱ्यांना ही टीका चांगलीच झोंबली असेल.

इतक्या खटपटी होऊनही जुना दट्ट्या हटला नाहीं, याचें कारण त्याच्या अंगावरचें कडें होय. इंग्लंडमधील रेल्वेचा एंजिनियर जॉन रॅम्सबॉटम यानें १८५२ सालीं एका जागीं चिरलेलें धातूचें कडें दट्ट्याभोंवतीं बसविलें. हें कडें मोकळें असतांना सिलिंडरपेक्षां किंचित मोठें असतें. दाबून आंत घातलें म्हणजे तें सर्व बाजूंनीं सारख्या जोरानें भिंतीला भिडतें. झिजलें तर आपोआप फांकतें. आंतील वायूचा दाब कड्याच्या मागें शिरून त्याला अधिकच घट्ट करतो, म्हणजे चोरानेंच दाराला अडसर लावावा तसें होतें! खालून उडणारें तेल त्याला न्हाऊं घालतें. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, वर्तुळाला कोपरा नसतो. जेथें कोपरा नाहीं तेथें फट राहण्याची जागाही एक चीर सोडल्यास उरत नाहीं. फिरत्या दट्ट्याला हें भाग्य लाभत नाहीं. त्याच्या कडा सरळ असतात. त्या वाटोळ्या भिंतीवर घासतात आणि दोन सपाट झांकणांमध्यें फिरतात. कड आणि झांकण जेथें मिळतात तेथें कोपरा येतोच. पेटलेला वायु त्या कोपऱ्यांतून निसटला कीं शक्ति गेली, दाब गेला आणि एंजिनही लवकरच जातें.

येथें कोणी विचारील कीं, टर्बाइन फिरतेंच ना? चार्ल्स पार्सन्स यानें १८८४ सालीं वाफेचें टर्बाइन चालवून दाखविलें, आणि वीजघरांतून त्याचेंच राज्य सुरू झालें. परंतु टर्बाइननें हा प्रश्न सोडविला नसून टाळला आहे. त्यांत वायु कोंडावयाचा नसतोच. वाहत्या झोतानें पातीं फिरवावयाचीं, आणि पातीं भिंतीला टेकूं द्यावयाचीं नाहींत. मोठ्या यंत्रांत बारीक फटींतून निसटणारी वाफ एकंदर वाफेच्या मानानें नगण्य असते. तेंच टर्बाइन मोटारीएवढें लहान केलें म्हणजे फटी त्या मानानें लहान होत नाहींत, वेग भलताच वाढवावा लागतो, आणि इंधनाचा खर्च डोईजड होतो. म्हणून लहान एंजिनाला वायु कोंडणें प्राप्तच आहे.

या कोंडण्याच्या कामाचा ध्यास घेतलेला मनुष्य म्हणजे फेलिक्स वांकेल. याचा जन्म १९०२ सालीं जर्मनींतील लार गांवीं झाला. त्याच्यापाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती, मोटार हांकण्याचा परवानाही नव्हता असें सांगतात. तरुणपणीं तो नाझी पक्षाच्या नादीं लागला होता, हाही त्याच्या चरित्रांतला भाग आहे. यंत्रज्ञ म्हणून त्याचें वैशिष्ट्य हें कीं, त्यानें अगोदर वर्षानुवर्षें फटी बंद करण्याचा अभ्यास केला आणि मग एंजिनाकडे तो वळला. बाकीच्यांनीं नेमकें उलट केलें होतें. १९५१ सालापासून नेकार्झुल्म येथील एन्. एस्. यू. कारखान्याशीं त्याचें सहकार्य सुरू झालें, आणि १ फेब्रुवारी १९५७ या दिवशीं त्याचें पहिलें एंजिन तेथें चाललें.

श्रोत्यांनीं दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग डोळ्यांपुढें आणावी, आणि ती मध्यें किंचित चिमटलेली परंतु चांगली टपोरी आहे असें समजावें. एंजिनाच्या घराची आंतली बाजू या आकाराची असते. तिच्यांत फुगीर बाजूंचा त्रिकोणी गाभा, म्हणजे रोटर, अशा बेतानें बसविलेला असतो कीं त्याचीं तिन्ही टोंकें सदैव भिंतीला टेकलेलीं राहावीं. तो जागच्या जागीं फिरत नाहीं; तेल्याच्या घाण्यांत लाट जशी स्वतः फिरत फिरत उखळाच्या कडेकडेनें जाते, तसा तो झुलत फिरतो. त्याच्या पोटांतील दंतचक्र झांकणाला पक्क्या केलेल्या लहान चक्राभोंवतीं फिरतें, आणि त्यांच्या दांतांचें प्रमाण ३ : २ असतें. रोटर आणि भिंत यांच्यामध्यें तीन कप्पे होतात. रोटर फिरला कीं प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हां मोठा आणि पुन्हां लहान. म्हणजे हवा व पेट्रोल ओढणें, दाबणें, पेटवणें आणि धूर बाहेर टाकणें हीं चारही कामें एका फेऱ्यांत उरकतात. रोटरचा एक फेरा होतो तेव्हां बाहेरच्या दांड्याचे तीन होतात, आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो. झडपांची गरज पडत नाहीं. भिंतींतील भोंकें रोटरच उघडतो आणि झांकतो.

वांकेलचें मूळचें एंजिन याहूनही शुद्ध होतें. त्यांत रोटर आणि घर हीं दोन्हीं आपापल्या स्थिर केंद्रांभोंवतीं फिरत, झुलणें मुळींच नव्हतें, आणि त्यामुळें तें अतिशय सुरळीत व अतिशय वेगानें चाले. परंतु ठिणगीचा प्लग बदलावयाचा तर सगळें एंजिन उकलावें लागे. कारखान्यांतील हान्स डीटर पाश्के यानें घर स्थिर ठेवून आज परिचित असलेली रचना केली, आणि १९५८ सालीं ती चालविली. वांकेलला हें रुचलें नाहीं. शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपलें, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले म्हणून सांगतात. परंतु नांगराला जुंपतां येतें तेंच यंत्र बाजारांत खपतें.

या एंजिनाचे गुण खरे आहेत. आकारानें लहान, वजनानें हलकें, भाग थोडे, आणि चालतांना हादरा जवळजवळ नाहीं. १९६७ सालच्या एन्. एस्. यू. ‘रो ८०’ मोटारींत दोन रोटर मिळून एक लिटरहूनही कमी जागेंतून ११५ अश्वशक्ति निघे. दुसऱ्या वर्षीं तिला युरोपांतील सर्वोत्कृष्ट मोटारीचा मान मिळाला. परंतु टोंकांच्या पट्ट्या झिजूं लागल्या, दाब निसटूं लागला, आणि कारखान्याला हमीपोटीं एंजिनांमागून एंजिनें फुकट बदलून द्यावीं लागलीं. रस्त्यांत दोन ‘रो ८०’ भेटल्या म्हणजे मालक एकमेकांना बोटें दाखवून आतांपर्यंत कितवें एंजिन तें सांगत, अशी गोष्ट आहे. १९६९ सालीं कारखाना फोक्सवॅगनच्या ताब्यांत गेला.

दुसरा कारखाना हिरोशिमा येथील, माझ्दा मोटारींचा. त्यानें १९६१ सालीं वांकेल एंजिनाचे हक्क घेतले. तेथें केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या मंडळींना घराच्या भिंतीवर आडव्या ओरखड्यांच्या ओळी आढळल्या. त्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. कारण असें कीं, टोंकाची पट्टी भिंतीला नेहमीं काटकोनांत टेकत नाहीं. ती कधीं पुढें कलते, कधीं मागें, आणि ठराविक वेगाला थरथरूं लागते. पट्टीची घडण आणि तिचा धातु बदलून पाहतां पाहतां अखेर कोळसा व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी उपयोगी पडली, आणि १९६७ सालीं ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही मोटार बाजारांत आली. हिरोशिमाच्या मंडळींची चिकाटी दांडगी, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु एका रोटरवर टोंकांच्या, बाजूंच्या आणि कोपऱ्यांच्या मिळून निदान १५ पट्ट्या व बोंडें लागतात. ज्या एंजिनाचें भूषण म्हणजे थोडे भाग, त्याच्या कोपऱ्यांत असा तुकड्यांचा बाजार भरलेला असतो. शिवाय या पट्ट्यांना भिजविण्यासाठीं मुद्दाम थोडें तेल ज्वलनाच्या कप्प्यांत सोडावें लागतें, आणि तें जळून धुरांत जातें.

पट्टीचा प्रश्न आटोक्यांत आला तरी दुसरा दोष राहतोच, आणि तो रचनेच्याच पोटांतला आहे. पेटलेला वायु असतो तो कप्पा लांबट, पसरट, चंद्रकोरीसारखा असतो. एक तांब्याभर कढत पाणी तांब्यांत ठेवलें तर बराच वेळ कढत राहतें. तेंच परातींत ओतलें तर लगेच निवतें. त्याचप्रमाणें या पसरट कप्प्याच्या भिंती ज्वालेची उष्णता पिऊन टाकतात. ज्वाला कोंपऱ्याकोंपऱ्यापर्यंत पोंचत नाहीं, कांहीं पेट्रोल न जळतांच बाहेर पडतें, आणि मोटार चालविणाऱ्याचा खिसा हलका होतो. यावर उपाय म्हणून एका रोटरला दोन दोन प्लग बसविले, तरी पूर्ण भागलें नाहीं. भरींत भर म्हणजे स्फोट नेहमीं घराच्या एकाच बाजूला होतो आणि थंड हवा नेहमीं दुसऱ्या बाजूनें शिरते. त्यामुळें घर एकीकडे तापून फुगतें आणि दुसरीकडे थंड राहतें. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हां या दोषाची किंमत कळली. सित्रोएन कंपनीनें त्याच वर्षीं काढलेली दोन रोटरांची मोटार लवकरच बंद करून विकलेल्यांतल्या बहुतेक गाड्या परत घेतल्या व मोडून टाकल्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें आपली योजना गुंडाळली. माझ्दाला बँकेच्या आधारानें सांवरावें लागलें. त्याच माझ्दानें पुढें चार रोटरांच्या मोटारीनें १९९१ सालीं ल मांसची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पण शर्यतींत पेट्रोल लागतें म्हणून कोणी मोटार घरीं ठेवीत नाहीं.

वांकेलला पर्याय म्हणून ज्या रचना पुढें आल्या, त्यांतील प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारावे : फट कोठें आहे, आणि ज्वलनाची जागा कोणत्या आकाराची आहे? सरकत्या पात्यांचें एंजिन, म्हणजे रामेल्लीच्या पंपाचें वंशज, पहिल्याच प्रश्नाला अडखळतें. पातें भिंतीला टेकावें हें काम फिरण्याच्या वेगानेंच होतें खरें. परंतु वेग दुप्पट झाला कीं पात्याचा दाब चौपट होतो, आणि घर्षण एंजिनाला खाऊं लागतें. ऑस्ट्रेलियांत राल्फ सारिच यानें १९७२ सालीं याला युक्तीनें वळसा दिला. त्याचा गाभा स्वतःभोंवतीं फिरतच नसे. तो नुसता घिरट्या घाली, आणि पातीं कमी वेगानें सरकत. पट्टीचें झिजणें त्यामुळें कमी झालें. परंतु पातें आणि गाभा एकमेकांना काटकोनांत छेदतात तेथें फट बुजविणें, आणि आंतल्या तापलेल्या भागांना थंड ठेवून तेल पोंचविणें जमेना. त्याच्या कंपनीला पुढें नांव मिळालें तें साध्या येरझारी एंजिनांत पेट्रोल फवारण्याच्या युक्तीमुळें!

कांहींनीं तर वर्तुळ सोडावयाचेंच नाहीं असें ठरविलें. बांगडीसारख्या पोकळ नळींत दट्ट्यांच्या दोन जोड्या घालावयाच्या, आणि एक जोडी पळत असतांना दुसरी थबकत जावी अशी व्यवस्था करावयाची. मांजर आणि उंदीर यांच्या पाठलागाचें नांव या प्रकाराला मिळालें आहे. ज्वलनाची जागा येथें आटोपशीर, आणि दट्ट्यांना नेहमींचीं कडीं जवळजवळ बसतात. परंतु दट्ट्यांची शक्ति बाहेर काढण्यासाठीं बांगडीला आंतल्या बाजूनें सबंध चीर ठेवावी लागते, आणि पळणें-थबकणें म्हणजे पुन्हां ती जुनी येरझारच; तिचे सगळे धक्के दंतचक्रांच्या दांतांवर येतात. कॅनडांतील सेंटहिलेर कुटुंबाचें ‘क्वासीटर्बाइन’ म्हणजे बिजागरीनें जोडलेल्या चार तुकड्यांचा, फिरतां फिरतां आकार बदलणारा रोटर. कल्पना सुंदर आहे; परंतु जितके सांधे अधिक तितक्या फटी अधिक, हा हिशेब कांहीं केल्या चुकत नाहीं. वाफ किंवा दाबलेली हवा यांवर तें यंत्र शोभतें, पेटत्या वायूच्या माऱ्याखालीं त्याची परीक्षा कठीण आहे.

या सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना अमेरिकेंतील श्कोल्निक पितापुत्रांची म्हणावी लागेल. ‘लिक्विडपिस्टन’ या नांवाची त्यांची संस्था २००४ सालीं निघाली. त्यांनीं वांकेल उलटा केला : घर तीन पाळ्यांचें, आणि शेंगेच्या आकाराचा रोटर दोन पाळ्यांचा. याचा लाभ दुहेरी होतो. टोंकाच्या पट्ट्या रोटरवर न राहतां घरांतच स्थिर राहतात, म्हणून त्यांना बाहेरून मोजकें तेल देतां येतें. आणि ज्वलनाचा खळगा घरांत कोरलेला असल्यानें तो हवा तितका आटोपशीर करतां येतो. परातीचा पुन्हां तांब्या झाला. मात्र हवेचा आणि धुराचा मार्ग आतां रोटरमधूनच जातो, म्हणून बाजूच्या झांकणांवरील पट्ट्यांवर व रोटर थंड ठेवण्यावर सगळा भार पडतो. मोटारीच्या बाजारांत या एंजिनानें जम बसविलेला नाहीं. लहान यंत्रांत त्याचे प्रयोग झाले आहेत.

फिरत्या दट्ट्याला यश आलें तें बहुतेक थंड कामांत. अमेरिकेंतील रूट्स बंधूंचें हवा ढकलणारें यंत्र एकोणिसाव्या शतकापासून भट्ट्यांना वारा घालीत आलें आहे. फ्रेंच यंत्रज्ञ लेओं क्रो यानें १९०५ सालीं जिलबीच्या वेढ्यांसारख्या दोन वळशांच्या यंत्राचें पेटंट घेतलें; तितके अचूक वळसे कापणारीं यंत्रें निघेपर्यंत तें सुमारें सत्तर वर्षें कागदावरच राहिलें, आणि मग खोल्या गार करणाऱ्या यंत्रांत घरोघर गेलें. जेथें आग नाहीं तेथें फट बुजविणें एवढें दुर्घट नसतें.

आगीच्या कामांतही या एंजिनाला कांहीं जागा हक्काच्या आहेत. हायड्रोजन वायूवर वांकेल चांगलें चालतें, कारण ताजा वायु शिरतो ती बाजू थंड असल्यामुळें तो अवेळीं पेट घेत नाहीं. घराचा एरवीचा दोष तेथें गुण ठरतो. माझ्दानें २०१२ सालीं रोटरी मोटारींचें उत्पादन थांबविलें होतें, परंतु २०२३ सालीं ८३० घनसेंटिमीटरच्या एका रोटरचें एंजिन एका विजेच्या मोटारींत पुन्हां बसविलें. तें चाकें फिरवीत नाहीं. नुसती वीज तयार करतें. एकाच सोयीच्या वेगानें चालावयाचें आणि जागा थोडी व्यापावयाची, हें काम त्याच्या प्रकृतीला मानवणारें आहे. वैमानिकावांचून उडणाऱ्या लहान विमानांतही हलकेपणाचें मोल पेट्रोलच्या मोलाहून जास्त असतें. हिंदुस्थानांत ‘निशांत’ नांवाच्या अशाच विमानासाठीं देशांत घडविलेलें पहिलें वांकेल एंजिन मार्च २००९ मध्यें कोलार येथें आकाशांत गेलें. वजन सुमारें ३० किलो, शक्ति ५५ घोड्यांची. त्याची ठिणगीची आणि इंधनाची व्यवस्था अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील वाहन संशोधन संस्थेनें केली. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे एंजिनाचा गाभा होता; त्यांत ॲल्युमिनियमचें विशेष ओतकाम होतें, आणि टोंकाची पट्टी ज्या भिंतीवर घासावयाची त्या भिंतीवरचा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा पातळ लेप होता.